गाजराच्या सालींचा कागद

मिल्टन कीन्समधल्या अलॉटमेंटच्या, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या वाफ्यांच्या, फाटकाशी, एप्रिलच्या बारीक सरींत, एक तरुण स्वतः भिजत उभा होता. अंगावरचा कोट मात्र त्याने काखेतल्या एका गुंडाळीला पांघरला होता. "भिजू नकोस रे... आत्ताच नको!" असे तो त्या गुंडाळीला मराठीत विनवीत होता.

सायकलवरून उतरणारी सुचेता थबकली.

"बाळ आहे?"

तो दचकला. "मल्चिंग पेपर आहे."

"आणि त्याच्याशी मराठीत बोलतोस?"

"इंग्रजीत विनवणी केली की ती मला खोटी वाटते."

त्याचे नाव अंशुमन. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत तो गाजराच्या सालींतून, केसाहून हजारो पटींनी बारीक असे तंतू वेगळे काढी आणि त्यांचा कागद करी. वाफ्यावर अंथरला की तो कागद तण दाबून ठेवी, मातीतली ओल राखी आणि काम संपताच पावसापाण्याने मातीतच विरून जाई. प्लास्टिकसारखा पिढ्यान्‌पिढ्या मागे उरत नसे. ठिकठिकाणच्या वाफ्यांवर त्याचा प्रयोग चालू होता. येथे वाफा देऊ केलेल्या गृहस्थांनी नेमका आजच नकार कळवला होता.

"माझा घे ना," सुचेता म्हणाली. "मला कोर्जेट्स लावायच्यात. पण तुझी कागद खरंच जाणार ना, सॉइलमधून?"

"तुझा कागद."

"माझी? एवढ्यात देऊन टाकलीस?"

"मी लिंग दुरुस्त करत होतो," तो गंभीरपणे म्हणाला, आणि मग... त्यालाही हसू आवरेना.

तेव्हापासून तो दर शनिवारी येऊ लागला. गुडघे टेकून कागदाची झीज मोजी, छायाचित्रे घेई, आणि मग दोघे वाद घालीत बसत. कोर्जेटला दोडक्याचा भाऊ मानावे की नाही, चहात आले किसावे की ठेचावे — विषय कोणताही चाले. सुचेताचा जन्म इथलाच. मराठीत वाद हरू लागला की ती बेधडक इंग्रजीत शिरे, आणि अंशुमन तिथेही तिचा पिच्छा पुरवी.

मे संपताना तिने सहज विचारल्यासारखे विचारले, "कागद पूर्ण गेल्यावर काय?"

"मग प्रयोग संपला! इथे यायला काही कारणच उरणार नाही," तो म्हणाला, आणि हे त्याने इतक्या आनंदाने म्हटले की तिच्या घशातला चहा कडू झाला.

त्या दिवसापासून सुचेताने पावसाशी उभे वैर मांडले. आभाळ भरून आले की ऑफिसातून निघून, रेडवेच्या सायकलवाटेवरून सायकल दामटीत ती येई आणि वाफ्यावर ताडपत्री ओढी. ऊन पडले की काढून घेई. नॉटिंगहॅमच्या वाफ्यांवरचे कागद केव्हाच मातीत गेले, पण तिचा कालच अंथरल्यासारखा कोरा! अंशुमन त्याच्याकडे पाही आणि कपाळाला आठ्या घाली. त्या आठ्या पाहून ती मनातून खजील होई. तरीही पुढचा ढग दिसला की पेडल मारीत सुटे.

एका शनिवारी शेजारच्या वाफ्यातून मेथी खुडणाऱ्या कांताबाईंनी मान वर केली.

"अगं सुचेता, आभाळ बघ! तुझी ताडपत्री घाल की. एरवी धावत येतेस, आज पाहुण्यांपुढे लाजलीस होय?"

अंशुमन सावकाश उभा राहिला. "ताडपत्री?"

"सॉरी..." सुचेता मातीकडे पाहू लागली. "आय नो. तुझी सगळी एक्सपेरिमेंट मी स्पॉइल केली."

"पण का?"

"कारण कागद गेली की तू पण जाणार. आणि मला... मला तू यायला हवा होतास. अजून हवा आहेस. झालं? आता कर माझं ग्रामर दुरुस्त!"

त्याने व्याकरणाला हात लावला नाही.

"बिघडायला तो वाफा प्रयोगात असावा लागतो," तो म्हणाला. "मी तो महिन्याभरातच वगळला."

"व्हॉट? का?"

"तटस्थता उरली नव्हती. इथून केंब्रिजला पोचेपर्यंत कागदाचं मला काही म्हणजे काही आठवायचं नाही. तू काय काय बोललीस ते मात्र शब्दन्‌शब्द. अशा माणसाची मापं शास्त्रात चालत नाहीत."

"मग एवढ्या आठ्या कसल्या घालत होतास?"

"कागद संपत कसा नाही, याच्या! तो संपला की म्हणणार होतो — आता कारण उरलं नाही, तरी... येऊ का? आठवडेच्या आठवडे हे वाक्य मी गाडीत घोकतोय!"

"मग म्हण की बाबा एकदाचं!" कांताबाई करवादल्या. "माझी मेथी भिजतेय."

पावसाचे पहिले थेंब कागदावर टपटपले. ताडपत्रीकडे कोणीच वळले नाही.

"येऊ?" अंशुमनने विचारले.

"शनिवारी?"

"शनिवारी."

"नको," सुचेता म्हणाली, आणि त्याचा चेहरा उतरलेला पाहून खुदकन हसली. "तोपर्यंत कोण थांबणार? बुधवारी ये."

"बुधवारी?" अंशुमन लगेच वादाला सरसावला. "का? मंगळवारात काय वाईट आहे?"