हिरवी रेघ

धाकट्याची पद्धत साधी. नट आवळायचा, ठरलेला जोर भरल्यावर मोजाचा पाना 'कट्' बोलला की थांबायचं, आणि नटावरून पट्टीवर लाल रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला. म्हणजे सैल पडला.

थोरला भाऊ नेमका उलटा. नट हातानं बसवायचा, हिरवी रेघ ओढायचा, मग सगळ्यांवर पाना. "माझी रेघ तुटली की समज, आवळलं. सरळ असली तर अजून बाकी."

मागच्या वादळाआधी त्याच्या रेघा सरळच राहिल्या. छतावरचं सोलर पॅनल उडालं. ते धरायला थोरला धावला, आणि

———

पॅनल तेवढं सापडलं.

या वेळी धाकट्यानं घराच्या छतावरची पॅनलं एकट्यानं आवळली. खाली आई ऑक्सिजनच्या मशीनवर होती, ताई तिच्या उशाशी. वीज जाणार हे ठरलेलंच. बॅटरी किती पुरणार? पॅनलं टिकली तर आई.

आभाळ भरून आल्यावर तो शेवटची फेरी मारायला वर गेला. त्याच्या सगळ्या लाल रेघा तुटल्या होत्या.

त्यानं पाना लावला. लावताक्षणी 'कट्'. दुसरा नट, 'कट्'. त्यानं आवळलं होतं त्याहून घट्ट. प्रत्येक लाल रेघेशेजारी एक हिरवी. तीही तुटलेली. बोट लावलं, तर रंग

———

ओला.

बोट पुसत तो खाली आला. वारा सुटला, वीज गेली, घरातला दिवा जळतच राहिला.

"बघ, गल्लीत काळोख आणि आपण राजे!" ताई म्हणाली. "तुझं तोंड का उतरलंय?"

त्याची नजर दाराच्या बिजागरीवर होती. हिरवी रेघ, तुटलेली. खिडकीच्या कडीवर, तुटलेली. मशीनच्या चाकावरून फरशीवर, तुटलेली. त्यानं मशीन हलवून पाहिलं. जागचं हललं नाही.

मग त्याला आईचा घोटा दिसला.

घोट्यावरून पलंगाच्या दांड्यावर एक रेघ. सरळ.

"ताई, थिनर आण."

"काय रे करतोस? गुदगुल्या होतात," आई नळीआडून हसली.

रंग निघेना. बाहेर पत्रे फडफडत उडत होते. डोक्यावरचं एकही पॅनल हूं की चूं करत नव्हतं.

"आई, पाय काढ तिथून."

"काढ की तूच. माझ्यात कुठलं बळ?"

त्यानं घोटा मुठीत धरला आणि अलगद उचलला. पाय सहज आला. दांड्यावर अर्धी रेघ राहिली. त्यानं सुस्कारा सोडला आणि खाली पाहिलं.

आईच्या घोट्यावरून रेघ आता त्याच्या बोटांवर आली होती. सरळ. ओली.

मूठ उघडेना.

"ताई, माझा हात..."

छतावर पावलं वाजली. एवढ्या वाऱ्यात, सावकाश. बरोबर पलंगाच्या वर थांबली.

कट्.

बोटं केसभर आत रुतली. रेघ तुटली. जराशी.

मशीन संथ श्वास घेत होतं. दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

आईनं छताकडे पाहिलं.

"पुरे रे थोरल्या," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "धाकट्याचा हात आहे तो."

वर पाऊल जरासं सरकलं.

मग, पाना नीट बसवल्याचा आवाज.