चार नंबरच्या डॉक्टरांची दुरुस्ती

मला गोष्टी रचता येत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते.

गेली चौदा वर्षं मी दुसऱ्यांनी बोललेलं टाइप करते. त्यात पदरचा एक शब्दही घालायचा नाही, हीच माझी नोकरी. हेही तसंच लिहिते आहे. जे कानांनी ऐकलं, तेवढंच.

आणि रात्र वगैरे नव्हती. मंगळवार होता. दुपारचे बारा चाळीस. बाहेर लख्ख ऊन.

माझं काम आधी सांगते. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे, सीटी स्कॅन बघून डॉक्टर आपला रिपोर्ट तोंडी रेकॉर्ड करतात. ती रेकॉर्डिंगं क्लाउडवरच्या एका फोल्डरमध्ये येऊन पडतात. मी ती घरी कॉम्प्युटरवर डाउनलोड करते, कानाला हेडफोन लावते आणि टाइप करून पाठवते. पायाखाली शिलाई मशीनसारखं एक पेडल असतं. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. दिवसभर पाय वर-खाली. संध्याकाळी पोटरी दगडासारखी होते.

आमचे हे छापखान्यात कायम रात्रपाळीला. म्हणजे दिवसा घरात चिडीचूप. आतल्या खोलीचं दार बंद, उंबऱ्याशी टॉवेल लावलेला. बाहेर ओट्याशेजारच्या टेबलावर मी, कॉम्प्युटर आणि भिंतीवरचं घड्याळ. त्या घड्याळाचीसुद्धा टिकटिक नको म्हणून मी सेल काढून ठेवलेला.

तर त्या मंगळवारी फोल्डरमध्ये नऊ नवीन फाइली होत्या.

आठ उतरल्या.

नववी... उतरेना.

बारा टक्क्यांवर आली आणि थांबली. मग लाल अक्षरं. ‘डाउनलोड अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.’

पुन्हा केला. पुन्हा बारा.

फाइलच्या नावात आधी तारीख असते, मग डॉक्टरांचा नंबर. तारीख त्याच दिवशीची होती. नंबर होता चार.

चार नंबरचे डॉक्टर अकरा दिवसांपूर्वी वारले होते.

मला तेव्हा काही वाटलं नाही, खरंच सांगते. त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या होत्या. म्हटलं, त्यांना दिला असेल तोच नंबर. उरकू या एकदाचं.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याला आम्ही सगळे ‘पासवर्ड’च म्हणतो. कारण तुम्ही घराला आग लागली म्हणून फोन करा, तो आधी विचारणार...

“काकू, पासवर्ड बदललात का?”

“नाही रे बाबा. बाकीच्या आठ उतरल्या. एकच अडली आहे.”

“जागा संपली असेल. रिसायकल बिन रिकामी करा. कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे ना बघा. अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करा. आणि वायफाय सोडा, राउटरची वायर थेट लावा.”

एकेक करत बसले. रिसायकल बिन रिकामी केली. तारीख बघितली. अँटिव्हायरस बंद. मग पुन्हा बटण.

वीस टक्के.

पासवर्डनेच मागे एकदा एक युक्ती शिकवली होती. डाउनलोड अर्धवट तुटलं तरी उतरलेला तुकडा कॉम्प्युटरवर राहतो. नावाचं टिंबानंतरचं शेपूट बदललं की तेवढा वाजतो. म्हटलं, बघू तरी फाइल कुणाची आहे.

हेडफोन लावला. पेडल दाबलं.

खुर्ची करकरली...

कुणीतरी दोनदा घसा खाकरला...

आणि मग... टक.

दातावर गोळी आपटल्याचा आवाज.

माझा पाय पेडलवरून आपोआप उचलला गेला.

चार नंबरच्या डॉक्टरांना मी चौदा वर्षांत दोनदाच पाहिलं होतं. पण त्यांचा आवाज मला माझ्या नवऱ्याच्या आवाजापेक्षा जास्त पाठ होता. ते सतत खोकल्याची गोळी चघळायचे. वाक्य संपलं की गोळी या गालातून त्या गालात. टक. मला तो आवाज म्हणजे पूर्णविराम होता.

मी पुन्हा फोन लावला.

“अरे, जुनी फाइल चुकून नव्या तारखेने आली आहे का? चार नंबरच्या सरांची?”

“बघतो.” कळा दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “काकू, इथे आठच आहेत.”

“माझ्यासमोर नऊ आहेत.”

“तुमच्याकडे जुनी यादी दिसत असेल. ब्राउझरची कॅश मेमरी साफ करा.”

केली. यादी कोरी झाली. क्षणभर पांढरा पडदा. मग एकेक ओळ परत आली.

आठ...

नऊ.

कपाटामागून वायर ओढून थेट राउटरला लावली. बटण दाबलं. या वेळी एकतीस टक्के.

खुर्ची. घसा. टक. मग कागद उलटल्यासारखं काही. मग तो दमलेला, जड आवाज.

“टायपिंगताई...”

आणि तुटलं.

मी हेडफोन काढून ठेवला. कारण रिपोर्ट सांगताना डॉक्टर मला कधीच हाक मारत नसत. हाक मारायचे ते एकाच वेळी. रिपोर्टमध्ये काही चूक राहिली असेल तर वेगळी छोटी फाइल करायचे आणि तिची सुरुवात ठरलेली असायची. “टायपिंगताई, दुरुस्ती.” कधी ओरडले नाहीत. नुसतं, दुरुस्ती.

चारला हे उठले. मी चहाच्या आधी हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

त्यांनी डोळे चोळत ऐकलं. “हा तुझा तो गोळीवाला डॉक्टर ना?”

“हो.”

“तो गेला म्हणालीस.”

“गेला.”

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग जांभई देत म्हणाले, “मग उद्या बघ. मेलेल्या माणसाला कसली घाई?”

त्यांचंही बरोबर होतं. सात तास उभं राहून कागद मोजायचे असतात त्या माणसाला. त्यांनी डबा घेतला आणि ते कामावर गेले. मी कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं. झोप काही लागली नाही.

बुधवारी सकाळी नऊला बसले. ती फाइल आहेच... तारीख मात्र बदललेली. आता बुधवारची.

दुसऱ्या ब्राउझरमधून प्रयत्न केला. नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाही. मध्ये कालचे राहिलेले रिपोर्ट टाइप केले, कारण ते कोण करणार? अकरा वाजत आले तेव्हा आणखी एकदा दाबलं. मन लावून नाही. कंटाळून.

अठ्ठावन्न टक्के.

“टायपिंगताई... दुरुस्ती. सीटी स्कॅन. नंबर सहाशे बारा.” टक. “लेफ्ट...”

तुटलं.

सहाशे बारा हा रिपोर्ट मी पाठवलेल्यांत शोधला. त्यांच्या शेवटच्या दिवसाचा होता. त्या दिवशी ते घरी जाऊन खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मी टाइप केलं होतं: लेफ्ट किडनी नॉर्मल. राइट किडनीत गाठ.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे नव्हतं. कालच रिसायकल बिन रिकामी केली होती. पण क्लाउडवर जुन्या फाइलींचा वेगळा फोल्डर असतो. तिथून ते एका झटक्यात उतरलं. काही अडलं नाही.

पेडल दाबलं.

“राइट किडनी नॉर्मल. लेफ्ट किडनीच्या वरच्या टोकाला गाठ.”

पुन्हा ऐकलं.

पुन्हा.

डॉक्टर अगदी स्वच्छ बोलले होते. लेफ्ट म्हणजे लेफ्ट. चूक माझी होती. त्या दिवशी एक्केचाळीस फाइली होत्या. ह्यांना ताप होता. मी एका हाताने त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलत होते आणि दुसऱ्या हाताने... काय सांगू. हातून गेलं.

एक्स-रे विभागातल्या सिस्टरना फोन लावला.

“सिस्टर, सहाशे बारा नंबरचा पेशंट कुठे आहे?”

“थांबा हं ताई... हा, शाळेच्या बसचे ड्रायव्हर. आज ऑपरेशन आहे त्यांचं. किडनी काढायची आहे. साडेअकराला आत घेणार.”

मोबाइलवर अकरा सतरा झाले होते.

“सिस्टर, थांबवा. बाजू चुकली आहे. गाठ डावीकडे आहे.”

“काय बोलताय तुम्ही? रिपोर्टवर तर राइट...”

“रिपोर्ट मीच टाइप केला आहे! फिल्म लावून बघा. हात जोडते, आत्ता पळा!”

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. चपला धावत गेल्या. मग नुसता तिकडचा खोलीचा आवाज. कुठेतरी ट्रॉलीची चाकं. मी फोन कानाला लावून उभी. आतल्या खोलीतून ह्यांचं घोरणं ऐकू येत होतं. एवढा एक आवाज मला धरून ठेवत होता.

वीस मिनिटांनी सिस्टर परत आल्या. धाप लागली होती.

“उजव्या बाजूला पेनने खूणही करून झाली होती हो,” त्या म्हणाल्या. “सर्जननी फिल्म लावली आणि मटकन बसलेच स्टुलावर.”

मीही बसले. फरशीवरच.

“पण ताई, तुम्हाला आज कसं लक्षात आलं?”

मी म्हटलं, “जुनी फाइल परत ऐकली.”

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

बसवाले बरे झाले. डावी किडनी काढली, उजवी शाबूत आहे. पण ऑपरेशननंतर दोनच दिवसांनी पासवर्डचा फोन आला. म्हणाला, “काकू, चार नंबरच्या सरांनी शेवटी शेवटी घोळ घातला होता म्हणे. लेफ्टला राइट म्हणाले. वय झालं होतं.”

हॉस्पिटलने तसंच लिहून टाकलं होतं. मेलेला माणूस भांडायला येत नाही.

मी फोन ठेवला. दुपारभर कुकर लावायचासुद्धा राहिला. ह्यांनी उठल्यावर विचारलं, मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ नखं बघत बसले.

“काम जाईल तुझं,” म्हणाले.

“जाईल.”

“मग जाऊ दे. नाहीतर तू काही झोपायची नाहीस.”

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन सुपरिंटेंडेंटसमोर मूळ रेकॉर्डिंग वाजवलं आणि चूक माझी आहे असं लिहून सही केली. महिनाभर काम बंद झालं. मग परत मिळालं, कारण इतक्या डॉक्टरांचं बोलणं कळणारं दुसरं कुणी सापडेना. आता एक फाइल ऐकून झाली की मी पुन्हा ऐकते. दुप्पट वेळ जातो. जाऊ दे.

इथे संपायला हवं होतं.

पण परत कामाला बसले त्या सकाळी फोल्डर उघडला, आणि ती फाइल तिथेच होती. त्या दिवसाची तारीख घेऊन.

मला वाटलं, आता काय राहिलं? चूक सुधारली. त्यांच्या नावावरचा डाग पुसला. आता उतरेल पूर्ण, किंवा जाईल निघून. मी बटण दाबलं.

एकाहत्तर टक्के.

“...लेफ्ट किडनी. राइट नव्हे. दुरुस्त करून पाठवा.” टक.

मग शांतता. खुर्ची करकरली. मला वाटलं उठले.

नाही.

कागद उलटला... घसा खाकरला...

“टायपिंगताई, दुसरी दुरुस्ती. नंबर...”

बस. तिथे तुटतं.

त्याला आता पाच महिने झाले. पासवर्डने सांगितलेला एकही उपाय सोडला नाही. वायर बदलली. राउटर बदलला. शेवटी तर हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसले. तिथे फाइल दिसतच नाही. घरी दिसते, आणि एकाहत्तरच्या पुढे जात नाही. त्या दिवसाच्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फाइली मी तपासल्या. बाकी सगळ्या बरोबर आहेत. मग मागे जायला लागले. डॉक्टरांची जुनी रेकॉर्डिंगं रोज पंधरा-वीस ऐकते, माझं टाइप केलेलं शेजारी धरते. चौदा वर्षं आहेत. कितीतरी हजार.

हे म्हणतात, सोड आता.

सोडवत नाही. रोज सकाळी एकदा बटण दाबते. आकडा चढायला लागला की मी बरोबर मोजत जाते. पन्नास... साठ... सत्तर... एकाहत्तरला थांबला की वाईट वाटतं, आणि सुटल्यासारखंही वाटतं. दोन्ही एकदम.

कारण ज्या दिवशी तो नंबर ऐकू येईल, त्या दिवशी मला सिस्टरना फोन लावून एवढंच विचारायचं आहे...

तो पेशंट अजून आहे का?