कोमट घेवडा

"एक पैसा खाल्ला नाही मी, बाई," रस्त्याचं डांबर तपासणारी कासोंदे म्हणाली. "तरी उद्या चौकशी समिती मला पोलिसांच्या हवाली करणार."

कासामा शहराबाहेरचा नवा रस्ता चार महिन्यांत भुगा झाला, मिनीबस उलटली, तीन माणसं गेली. प्रयोगशाळेत कासोंदेने मोजलेलं डांबर पाच टक्के. अपघातानंतर बाहेरच्या तपासणीत निघालं चारच. समितीने 'लाच' हा शब्द पुराव्याची वाट न पाहता टंकून ठेवला होता.

खाजगी तपास करणाऱ्या चिसांगाबाई दीर कापेम्ब्वाला घेऊन प्रयोगशाळेत गेल्या. कापेम्ब्वाची बुद्धी चालायची, पण पायी.

"मोजतेस कसं?"

"पाणी सोडत रस्त्याचा तुकडा कापायचा. वाळवायचा, तोलायचा, भट्टीत जाळायचा, पुन्हा तोलायचा. घटलं तेवढं डांबर."

"वाळवतं कोण?"

"वाळवणपेटीची किल्ली सिम्पासासाहेबांकडे. सकाळी 'वाळला' अशी चिठ्ठी लावून तेच तुकडा देतात."

प्रमुख सिम्पासा हसतमुख होते. "वाळवणपेटी एकशेदहा अंशांवर असते. आमचे डबेही त्यातच तापतात. हे घ्या, सकाळी दहा वाजल्यापासून आत आहेत."

कापेम्ब्वाने घास घेतला. "वहिनी, घेवडा कोमट आहे."

"भावजी, तीन माणसं मेलीत आणि तुम्हाला घेवडा!"

फाटकापाशी पिल्लं चिवचिवत होती. "साहेब विकतात," पहारेकरी म्हणाला. "परदेशी जात. कोंबडी मात्र आम्ही कधी पाहिली नाही."

ठेकेदार काबास्वे भडकलाच. "लाच? मी पाच टक्केच घालत होतो! त्या कासोंदेनंच पहिल्या महिन्यात लिहिलं, सहा भरतंय, कमी करा. हे पत्र!"

दुसऱ्या दिवशी समिती प्रयोगशाळेत जमली.

"लाच खाणारी बाई ठेकेदाराला पहिल्याच परीक्षेत नापास करते का?" चिसांगाबाईंनी विचारलं. "तिने पाचाचे सहा मोजले, पुढे चाराचे पाच. दरवेळी एकच टक्का जास्त. तो टक्का पाण्याचा. तुकडे ओलेच जळत होते; उडालेलं पाणी डांबराच्या नावावर चढलं."

"पेटी एकशेदहावर असते," सिम्पासा म्हणाले.

"एकशेदहात दहापासून ठेवलेला घेवडा कोमट राहतो? आणि कोंबडीवाचून पिल्लं निघतात? किल्ली द्या, साहेब."

पेटीचा काटा अडतीसवर होता. आत बावीस अंडी आणि पाण्याची वाटी. एका अंड्यातून चोच बाहेर येत होती.

"मध्येच तापवली असती तर सगळी उबवण गेली असती," सिम्पासा पुटपुटले.

कासोंदे खाली बसली. "वजन घटायचं थांबेपर्यंत तोलत राहायचं असतं. चिठ्ठी होती, म्हणून मी एकदाच तोललं."



समिती हिरमुसली. अहवालात लाचेला रकाना होता, अंड्यांना नव्हता. शेवटी 'यंत्रातील बिघाड' लिहिलं गेलं. कासोंदे सुटली. सिम्पासांची बदली झाली, मोठ्या प्रयोगशाळेत.

त्यांच्या निरोपाच्या जेवणाला त्याच पेटीत उबवलेली कोंबडी होती. कासोंदे आली नाही.

"रस्सा मस्त वाफाळतोय, भावजी," चिसांगाबाई म्हणाल्या. "घ्या ना."

कापेम्ब्वाने ताटाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तसंच पुढे सरकवलं.