बिनमाशाचा टँक

समोरच्या दुकानाचं शटर कधी नव्हे ते अर्धं उघडं होतं, आणि आत निळा उजेड होता. चष्मेवालीने आपल्या दुकानाला कुलूप लावलं आणि घरी जायचं सोडून ती तरातरा रस्ता ओलांडून गेली. नसती उठाठेव, दुसरं काय! पण दिवसभर लोकांना 'हे अक्षर दिसतंय का, ते दिसतंय का' विचारणारी बाई ती. कळली नाही अशी गोष्ट समोर असली की तिला चैन पडत नसे.

आत भिंतीएवढा काचेचा टँक. पाणी होतं, दगड होते, मासा मात्र औषधालाही नव्हता. काचेवर आतून तपकिरी थर चढला होता, आणि त्या थरात रेघा होत्या. वळणावळणाच्या, नाजूक... कुणी आत बसून बोटाने गिरवाव्यात तशा.

"सकाळी नव्हत्या त्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"आई गं!"

"घाबरलात?"

"छे! मी... मी अशीच ओरडते अधूनमधून."

तो हसला. उंच, बाह्या खांद्यापर्यंत दुमडलेल्या, हातावर मिठाचे पांढरे ओघळ. असा हात घट्ट धरावा असं वाटलं तिला, आणि स्वतःचाच राग आला.

"मासे कुठायत?"

"इतक्यात घातले तर मरतील. नवं खारं पाणी विषारी असतं. दगडांत जिवाणू वाढतात, ते हळूहळू विष पचवतात. मी रोज नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतो. हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर मासे आणायचे."

"आणि या रेघा कोण काढतं?"

त्याने हात पँटला पुसले. मग म्हणाला, "लोक येतात आणि मासे किलोला कसे विचारतात. हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

झालं! त्या दिवसापासून रोज दुकान बंद केलं की ती तिकडे. त्याला तिने नावच ठेवलं, बिनमाशाचा मासेवाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. नळीतलं पाणी पिवळं यायला लागलं, तरी मासे काही येईनात. तपकिरी थराचा हिरवा झाला, दगडांवर शेवाळाच्या जटा लोंबायला लागल्या, आणि रोज संध्याकाळी काचेवर नवी रेघ.

"अरे, काच पुस ना! आणि हा दिवा दिवसरात्र कशाला? शेवाळ माजणार नाही तर काय होईल?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "हा टँक दादाचा. दगड त्याने रचले, पाणी त्याने भरलं, आणि दुसऱ्या दिवशी इथेच, या स्टुलावर... हृदय बंद पडलं. सगळं आटोपून मी शटर उघडलं, तेव्हा पहिली रेघ दिसली. दादाला फोनवर बोलता बोलता अश्शाच रेघोट्या ओढायची सवय होती. कागद असो, भिंत असो." त्याने काचेवर बोट टेकवलं. "पुसू कशी? आणि दिवा... एवढा घोडा झाला तरी अंधाराला भ्यायचा तो."

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिचं मन त्याच्यावर जडलं होतं, म्हणून तिला आणखीच भीती वाटली. या माणसाला ते पाणी सोडणार नव्हतं.

एके संध्याकाळी तो चहा आणायला गेला. तिने धीर करून दिवा बंद केला. अंधारात पंप तेवढा घरघरत होता, आणि काचेपलीकडून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं तिला सारखं वाटत होतं. बऱ्याच वेळाने तिने लाल कागद लावलेली बॅटरी पेटवली; लाल उजेडाला अंधारात फिरणारे जीव बुजत नाहीत.

दगडामागून नखाएवढी गोगलगाय निघाली होती. शेवाळ खात, मागे लख्ख रेघ सोडत ती काचेवर चढत होती.

सांगावं? सांगितलं तर त्याचा दादा दुसऱ्यांदा जाणार. नाही सांगितलं तर हा असाच शेवाळाआड बसून राहणार, जन्मभर.

"दिवा कुणी बंद केला?" तो दारातूनच ओरडला.

तिने बॅटरी काचेवर धरली. त्याने पाहिलं. हातातला चहा त्याने खाली ठेवला आणि म्हणाला, "जा तू."

"जाते. पण तिला आजची रात्र बरणीत ठेव. तरीही रेघ आली, तर मी खोटी."

मग कित्येक दिवस त्याचं शटर उघडलंच नाही. इकडे हिचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं; हिने एका आजोबांना त्यांच्या बायकोचा चष्मा दिला, आणि आजोबा म्हणाले की छान दिसतंय.

शेवटी तो आला. तपासणीच्या खुर्चीत बसला. उलट्या अक्षरांचा तक्ता त्याच्या पाठीमागे, समोर ती सुलट दाखवणारा आरसा. छोट्या खोलीत अंतर वाढवायला तसंच करावं लागतं.

"रेघ आली नाही," तो म्हणाला. "डोळे तपास. नीट दिसेनासं झालंय."

"त्याला नंबर नसतो रे. रड तू."

आणि तो रडला, लहान पोरासारखा. मग तिने हळूच विचारलं, "ती गोगलगाय तू आणली होतीस?"

"नाही."

"मग दगडांबरोबर कुणी आणली?"

त्याने मान वर केली. "दादाने..." तो म्हणाला आणि डोळे पुसून उठला.

दोघांनी मिळून टँक साफ केला. त्याने काच खरवडली, दगडांवरच्या जटा ओढून काढल्या. तिने नळीने घाण पाणी उपसलं, ताजं खारं पाणी ओतलं. दिवा यापुढे फक्त दिवसा, असं ठरलं. पाणी निवळेपर्यंत गोगलगाय काउंटरवर, खाऱ्या पाण्याच्या बरणीत. काचेवर तळहाताएवढा हिरवा तुकडा तेवढा त्याने राखला.

दुसऱ्या संध्याकाळी शटर पूर्ण वर होतं. त्या हिरव्या तुकड्यात आतून अक्षरं कोरलेली होती, आणि ती उलटी होती. मागच्या बाजूने, स्टुलावर उभं राहून, हात बुडवून लिहिलेली. पण आरशासाठी उलटी छापलेली अक्षरं वाचण्यात जिचा दिवस जातो, तिला काय अवघड!

'थांबशील?'

"शटर पाडेपर्यंत?" तिने साळसूदपणे विचारलं.

"नंतरही... म्हणजे, कायमची."

तिचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "आणि खाली रेघ कशाला ओढलीस? वहीतलं शीर्षक आहे का ते?"

"कुठली रेघ?"

अक्षरांच्या खाली एक रेघ होती. वळणावळणाची, नाजूक, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दोघांनी एकदमच बरणीकडे पाहिलं. गोगलगाय आतच होती, झाकणाला चिकटून झोपलेली.

"दुसरी असेल," ती म्हणाली.

"असेल."

बाहेर अंधारून आलं होतं. त्याने दिव्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि टँककडे बघून म्हणाला, "दादा, दिवा बंद करतो हं. भिऊ नकोस, आम्ही आहोत."

अंधार झाला. त्याने चाचपडत तिचा हात शोधला. त्याचा हात मिठाने खरखरीत होता, गार होता; तिने तो घट्ट धरला.

"थांबते," ती म्हणाली.