जागी राहिलेली स्क्रीन

"बाई, लगेच या," रुग्णवाहिका केंद्राचे साहेब फोनवर म्हणाले. "ड्रायव्हरला आज काढायचंय, पण मन काही मानत नाही."

गाड्यांच्या वायरिंगच्या तपासनीस असलेल्या बाई चहा तसाच टाकून निघाल्या.

सकाळी तातडीचा कॉल आला आणि गाडी ढिम्म हलली नाही. बॅटरी मेलेली. दुसरी गाडी धावली म्हणून पेशंट वाचला. ड्रायव्हरनं रात्रभर दिवे चालू ठेवले, असं सांगणारा त्याचाच धाकटा भाऊ होता, त्याच गाडीवरचा मदतनीस. ही नोकरीही त्याला दादानंच मिळवून दिली होती. ड्रायव्हरनंही चूक कबूल केली होती.

भिंतीवर 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून धाकट्याचा फोटो झळकत होता. बाकीच्या गाड्यांतला, कॉलचा पत्ता दाखवणारा कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ घेतो, तोवर माणसं त्याच्या नावानं बोटं मोडतात. धाकट्याची गाडी मात्र रोज सगळ्यांआधी 'तयार' कळवायची. आता याला तुकडीप्रमुख करायचं घाटत होतं.

बाईंनी आधी त्यालाच गाठलं.

"दिवे कधी पाहिलेस?"

"सकाळी. मीच बंद केले."

"काल गाडी कुठं गेली होती?"

"कुठंच नाही. दिवसभर उभी होती."

"आणि कॉल आल्यावर?"

"स्क्रीनवर पत्ता दिसला, मी दादाला हाक मारली. त्यानं किल्ली फिरवली तर नुसती टकटक."

"पत्ता किल्ली फिरवायच्या आधी दिसला?"

"हो. का?"

बाईंनी उत्तर न देता स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि सीटमागचं झाकण उघडलं.

"साहेब, ही डबी बघा. किल्ली बंद झाली की कॉम्प्युटरला आवरायला थोडी सवड देते, मग त्याची वीज तोडते. बॅटरी उतरू लागली तर आधीच तोडते, म्हणजे इंजिनापुरती शिल्लक राहते. मग इंजिन मेलं असताना स्क्रीन जागी कशी?"

साहेब आणि शेजारी उभा असलेला ड्रायव्हर वाकून बघू लागले.

"कारण डबीला वळसा घालून वायर थेट बॅटरीवर जोडलीय. कॉम्प्युटर कधी झोपतच नव्हता, म्हणून ही गाडी रोज पहिली. रोज पळायची तोवर बॅटरी भरत राहिली, काल उभी राहिली आणि बिंग फुटलं. आता हा जोड बघा."

जोडावर वायरमनची काळी टेप नव्हती. जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी होती, मदतनिसाच्या पेटीतली.

धाकट्याचा चेहरा उतरला. "दादा, तू जुना माणूस. मला वाटलं, तुला नुसता दम देऊन सोडतील."

साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. "अहो, मग तुम्ही चूक कबूल का केलीत?"

ड्रायव्हर त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिला. त्याला राग आला नव्हता, आतून काहीतरी तुटलं होतं.

"दिवे बंद केल्याचं मला चांगलं आठवत होतं, साहेब," तो म्हणाला. "पण हा म्हणाला, चालू होते. मला वाटलं, माझीच आठवण खोटी. हा कशाला खोटं बोलेल?"