जिप्सीचा डावा बाक

आमच्या गुरुप्रसादला एक खोड आहे. आईने सांगितलेलं एका कानाने ऐकायचं, आणि दुसऱ्या कानापर्यंत पोचूच द्यायचं नाही.

लहानपणी म्हटलं, विहिरीत वाकू नको. वाकला. पडला. दोन माणसं उतरली तेव्हा वर आला. आता तिशी उलटली, बाप व्हायला आला, तरी तेच.

पण या वेळी जे झालं, त्यातून त्याला वर काढायला माणसं कुठून आणू?

मी चौथी शिकलेली बाई. रचून सांगायची कला माझ्याकडे नाही. ज्याला हे खोटं वाटेल त्याने रत्नागिरीजवळच्या पालीला उतरावं, आमची वाडी विचारावी आणि माझ्या पडवीत घटकाभर एकट्याने बसून दाखवावं. चहा मी देईन.

यंदाचाच मार्गशीर्ष. दुसरा गुरुवार. माझा उपास होता, म्हणून वार पक्का लक्षात आहे.

वेळ दिवेलागणीची.

पालीहून आमच्या वाडीला यायचं तर मध्ये सडा लागतो. तीन मैल नुसता काळा कातळ. झाड नाही, घर नाही. सड्यावर चढलं की डाव्या हाताला जुनी चिरेखाण आहे. कधीची बंद पडलेली, पाण्याने भरलेली. सडा उतरला की वाडीच्या तोंडाशी वेशीचा दगड.

गुरुप्रसादच्या बापसाने बावीस वर्षं या वाटेवर जिप्सी चालवली. मिलिटरीच्या लिलावातली, हिरवी, चारी चाकं ओढणारी. पावसाळ्यात एसटी यायची बंद झाली तरी जिप्सी यायची. बाळंतिणी, आजारी, शाळेची पोरं, सगळी तिच्यातूनच.

मागे समोरासमोर दोन बाक. उजव्या बाकावर माणसं बसायची.

डाव्यावर कोणी नाही.

वाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. गाडी कितीही भरो, माणसं उभी राहतील, मांडीवर बसतील, पण डावा बाक रिकामा.

खाणीपाशी आलं की हे गाडी थांबवायचे. खाली उतरायचे. मागचं दार उघडायचे. पाचपर्यंत आकडे म्हणायचे. दार लावायचे.

वेशीच्या दगडापाशी पुन्हा तेच. उघडायचं, पाच आकडे, लावायचं.

लग्न झाल्यावर एकदाच विचारलं मी, "सड्याचा राखणदार आहे का?"

म्हणाले, "राखणदाराला आपण नारळ देतो. त्याला गाडी लागत नाय. पुन्हा विचारू नको."

नाही विचारलं.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. जाताना गुरुप्रसादला एवढंच सांगून गेले, "बाक रिकामा ठेव. दार उघडायला चुकू नको." हा मान हलवत होता. मी तेव्हाच ओळखलं, ही मान विहिरीच्या वेळचीच आहे. माझ्या धाकाने एवढे दिवस कुरकुरत पाळलं, एवढंच.

आता झालं असं की सून, मनस्वी, तिला सातवा महिना लागला. पंधरा-पंधरा दिवसांनी रत्नागिरीला डॉक्टरकडे न्यायची. आणि जिप्सी पेट्रोल अशी पिते, जशी म्हैस पाणी पिते. गुरुप्रसादच्या डोक्यात भरलं, गाडीला गॅस बसवायचा. हेतू वाईट नव्हता, ते मी कबूल करते.

पालीला नितेशचं गॅरेज आहे. तो म्हणाला, "बसवतो. पण टाकी ठेवायची कुठं? मागचा एक बाक काढायला लागेल. कुठला काढू?"

गुरुप्रसाद म्हणाला, "डावा काढ. बावीस वर्षांत कोण बसला नाय त्याच्यावर. कोराच आहे. घरी पडवीत ठेवतो, मनस्वीला टेकायला होईल."

नितेश म्हणाला, "रावजीकाका तो रिकामा ठेवायचे ना रे?"

"बापूस गेला. बाक गेला की ती भानगड पण गेली. घे पाना."

नितेशने बाक सोडवला. एका हाताने उचलून बाहेर ठेवला. वरचं रेक्झिन खरंच कोरं होतं. ना चीर, ना डाग.

फक्त मधोमध...

स्पंज खोल दबलेला होता. एक माणूस रोज बसावा, तेवढ्याच जागेत.

 नितेशने तो हाताने दाबून पाहिला. सोडला. वर आला नाही.

दोन दिवसांत काम झालं. डाव्या बाजूला टाकी, तिथून पुढे इंजिनापर्यंत नळी, आणि स्टिअरिंगपाशी एक बटन. गाडी पेट्रोलवर चालू करायची, गरम झाली की बटन दाबायचं, गॅसवर जाते. पेट्रोलला तांबडा दिवा, गॅसला हिरवा. नितेशने साबणाचं पाणी भरून एक बाटलीही दिली. "वास आला तर जोडांवर सोड. बुडबुडा आला तर गळती. नाय आला तर बिनधास्त घरी जा."

बाक मागेच आडवा टाकून त्या गुरुवारी गुरुप्रसाद निघाला. गाडी गॅसवर लोण्यासारखी चालत होती. हा खुशीत शीळ घालत होता.

सड्यावर चढला. सूर्य बुडून गेलेला, उजेड अजून थोडा होता.

खाण आली.

हा थांबला नाही.

टक्...

हिरवा दिवा गेला. तांबडा लागला.

याने बटन दाबलं. हिरवा आला.

टक्...

तांबडा.

बटनावर बोट कोणाचंच नव्हतं.

तिसऱ्यांदा दाबायला हात नेला आणि इंजिन बंद पडलं. गाडी आपोआप चार हात पुढे गेली आणि थांबली.

बरोबर खाणीच्या तोंडाशी.

त्या वेळेला सड्यावर रातकिड्यांनी कान बधिर होतात. त्या दिवशी एकही ओरडत नव्हता. वारा होता, गवत हलत होतं... पण सळसळ नव्हती.

मग वास आला. गॅसचा. उग्र.

हा घाबरला तो गॅसला. खाली उतरला. बाटली घेतली. मागे गेला.

आणि मागचं दार उघडलं.

प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडलं. टॉर्च धरून पाहिलं. एक बुडबुडा नाही. गळती कुठेच नाही. वास मात्र एवढा की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तसाच तो उभा राहिला. पाच आकडे म्हणायला लागतो तेवढा वेळ तरी नक्कीच.

तेव्हा...

गाडी मागून जराशी खाली बसली.

स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. कोणी पायरीवर पाय देऊन आत चढावं, तशी.

आणि वास गेला. एकदम. दिवा विझावा तसा.

याने दार आपटलं. धावत पुढे येऊन बसला. गाडी एका चावीत चालू झाली. मागे वळून पाहायची हिंमत नव्हती, आरशात पाहायची त्याहून नव्हती.

वेशीचा दगड आला. टक्, टक्, टक्... बटन थांबेना. तांबडा, हिरवा, तांबडा, हिरवा. गाडी आचके द्यायला लागली.

बापूस इथे उतरून दार उघडायचा. हे त्याला आठवलं. पण गाडीतून खाली पाय टाकायला त्याला धीर झाला नाही. त्याने पाय दाबला आणि सुसाट अंगणात आणून गाडी उभी केली.

मी पडवीत दिवा लावत होते. त्याचा चेहरा पाहिला आणि पहिलं हेच विचारलं, "वेशीवर दार उघडलंस?"

"आये, आल्या आल्या सुरू नको करू. बाक उतरवायला हात लाव."

बाक उतरवायला गेलो तर हलेना. नितेशने एका हाताने उचललेला तो बाक! मी अजून भाताची पोती उचलते, पण दोघांनी मिळून तो ओढत, टेकत कसाबसा पडवीत आणला. 

गुरुप्रसाद म्हणाला, "लोखंड आहे गो जुनं." पण माझ्याकडे बघत नव्हता. सड्यावर काय झालं ते त्याने मला सांगितलं, पण तीन दिवसांनी. तेव्हाच सांगितलं असतं तर बाक मी उंबऱ्याच्याच काय, अंगणाच्याही आत येऊ दिला नसता.

त्या दिवसापासून कुत्रा पडवीत चढला नाही. दहा वर्षं तिथे झोपणारं ते जनावर. अंगणात बसून बाकाकडे बघत राहायचं. भुंकायचं नाही. नुसतं बघायचं.

मधूनच घरात गॅसचा वास यायचा. चुलीपाशी नाही, पडवीत. गुरुप्रसाद बाटली घेऊन घरातल्या सिलिंडरवर, शेगडीवर, नळीवर पाणी सोडत फिरायचा. बुडबुडा कुठेच नाही.

रविवारी दुपारी मनस्वी मला म्हणाली, "आई, आपल्याकडे कोण आलंय का?"

"का गो?"

"मगाशी मी बाकावर बसायला गेले. माझ्या बाजूचा स्पंज दबलेला होता, तो वर आला... आणि पलीकडचा दबला."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

ती हसून म्हणाली, "कोणीतरी सरकून जागा दिल्यासारखं वाटलं."

सात महिन्यांची पोटुशी पोर. तिला काय सांगणार? मी म्हटलं, "जुना स्पंज आहे बाय. तिथं बसू नको, कंबर धरेल."

गुरुप्रसादला मी मागच्या अंगणात गाठला. तेव्हा कुठे तोंड उघडलं त्याने. खाण, बटन, वास, सगळं ओकला.

मी म्हटलं, "उद्या उजाडलं की बाक वेशीवर नेऊन ठेव. आणि नितेशला सांग, टाकी दुसरीकडे बसव, नाय तर काढ."

"सकाळी नेतो."

सोमवारी सकाळी चांगलं ऊन पडलेलं. भीती वाटावी असं काही नव्हतं. शेजारच्या गंगाकडे रेडिओ चालू होता. मनस्वी आतल्या खोलीत आडवी झाली होती. मी पडवीत उभी राहिले, आधार द्यायला. गुरुप्रसाद वाकला आणि त्याने बाकाला दोन्ही हात घातले.

तो एकदम वर आला. जोर जास्त लावलेला, म्हणून हा मागे धडपडला.

मग एका हाताने उचलून दाखवला मला. हसला. चार दिवसांत पहिल्यांदा हसला.

"बघ आये! काय्येक वजन नाय. उगाच घाबरवलंस मला. त्या दिवशी आपणच दमलो होतो."

मी बाकाकडे पाहिलं.

स्पंज वर आला होता. सगळीकडून सारखा. बावीस वर्षांचा खळगा... नव्हता.

अंगणातला कुत्रा उठला होता. तो बाकाकडे बघत नव्हता. माझ्या पाठीमागे, घराच्या दाराकडे बघत होता.

तेवढ्यात आतून मनस्वीची हाक आली. झोपेतली, लाडातली.

"आई... जरा सरका ना. किती जागा घेता. मला कूस बदलू दे."

गुरुप्रसादचं हसू तिथेच राहिलं. मी त्याच्या समोर उभी होते. आतल्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मी आत धावले नाही. पाय उचललेच नाहीत आधी, हे लपवत नाही. आधी त्याच्याकडे वळले आणि गंगाच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले,

"बाक हलका झाला म्हणून हसतोस मेल्या? तुझा बापूस बावीस वर्षं त्याला वेशीवर उतरवत होता. तू माझ्या घरात उतरवलास!"