धवलारणीचा कंट्रोलर

"हल्ली हे हातात थरथरत नाही गो," सुगंधा कुजबुजली. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिच्याकडे एवढीच कुजबुज उरली होती, आणि मांडवात ती फक्त शेजारी बसलेल्या लेकीला ऐकू गेली. "आधी फेरा पुरा झाला की कसं गुदगुल्या केल्यासारखं करायचं."

"बॅटरी वाचवायला बंद केलंय ते, आई," तन्वी म्हणाली आणि ओढणीखालचा दुसरा कंट्रोलर तिने घट्ट धरला.

सुगंधा धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, विधींची गाणी, गाणारी. तिने धवल्यात नवऱ्या मुलाचं, मामाचं, गावदेवाचं नाव गुंफल्याशिवाय या गावातल्या आगऱ्यांच्या घरी कुणाला हळद लागली नव्हती. गळ्यातली गाठ काढायच्या आधी तन्वीने भावाचा गेम खेळायचा कंट्रोलर माळ्यावरून काढला आणि मोबाइलला जोडला. एक बटण दाबून धरायचं, आईने ओळ गायची. बटण सोडलं की ती ओळ गोल फिरत राहायची. दोघी तिला फेरा म्हणत. एका फेऱ्यावर दुसरा चढवायचा, अंगठ्याखालच्या दांडीने सूर वरखाली करायचा. नव्या लग्नातली नवी नावं गायचा तो कंठसाचा: सुगंधाच्या फेऱ्यांवरून शिकलेला, कुठलंही नाव तिच्याच गळ्याने, खरखरीसकट म्हणणारा प्रोग्रॅम.

सुरुवातीला सुगंधाच वाजवायची. पण तिची बोटं कापू लागली, फेरे ठेका सोडू लागले, आणि एका हळदीत बेंजोवाली पोरं तोंड फिरवून हसली. तन्वीला आठवलं, लहानपणी ती रडू नये म्हणून भाऊ तिच्या हातात न जोडलेला कंट्रोलर द्यायचा आणि ती खुशाल जिंकत राहायची. पुढच्या लग्नापासून तिने आईला तसाच दिला. आईची बोटं ऐटीत फिरत, वाजवायची तन्वी. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारीचा मान राहतो, एवढं बोलून लोक जेवायला बसत.

आज योगिताच्या मुलाची हळद होती. तिचा नवरा वारल्यापासून घरात दिराचा शब्द चाले. गायची नावंही सकाळी त्यानेच तन्वीला सांगितली होती. योगिता आचाऱ्याच्या चुलीपाशी उभी होती.

"वहिनी तिथून बघतील की," दीर म्हणाला. "पहिली हळद आमची ही लावेल."

सुगंधाने मान वर केली. नवऱ्या मुलाच्या आईने हळद लावल्याशिवाय पुढचं कडवं घ्यायचं नाही, ही तिची रीत होती. आई विधवा असली तर जास्तच. अशा वेळी सुगंधा गाणं थांबवी, मांडव खोळंबे, आणि शेवटी मोठेमोठे लोक चरफडत त्या बाईला हाताला धरून पाटापर्यंत आणत.

तिने बोटं उचलली. कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला.

धवला चालूच राहिला.

तन्वीचा अंगठा बटणावर होता. दिराने भुवईनेच 'चालू दे' म्हटलं, आणि तिने चालू दिलं. सुगंधाच्या आवाजाने दिराच्या बायकोचं नाव घेतलं. लाडाने, आळवून घेतलं.

"मी थांबलेय," सुगंधा म्हणाली. मग गळा हाताने दाबून, होता नव्हता तेवढा श्वास लावून, "थांबलेय मी! मग गातंय कोण?"

कुणाला अचानक पंखा तपासावासा वाटला, कुणाला नातवाचं नाक पुसावंसं. दीर मोठ्याने हसला. "तुम्हीच की, काकी! स्वतःचा आवाज ओळखू येत नाही होय?"

सुगंधाने तन्वीकडे पाहिलं. तन्वीने ओढणी सारखी केली.

चुलीजवळची योगिता पुढे आली. पाटाकडे गेली नाही, मुलाकडेही पाहिलं नाही. सुगंधासमोर उकिडवी बसली.

"तुमच्या मांडीवरचं ते बंद आहे, काकी," ती म्हणाली. "कधीपासून जोडलेलंच नसतं ते. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही."